ज्या घरात भाकरीला कुलूप लावावे लागते

अभ्यासासाठी वाचन : १ करिंथ, अध्याय ८

माद्रिद येथील प्रादो संग्रहालयात १६८० सालच्या सुमारास रंगविलेले एका सहा वर्षांच्या मुलीचे चित्र आहे. युजेनिया मार्तीनेझ व्हायेहो हे तिचे नाव. अतिस्थूल देहामुळे तिला नवल म्हणून स्पेनच्या राजदरबारी आणले होते. दरबारी चित्रकार कारेन्यो दे मिरांदा याने तिची दोन चित्रे काढली व लोकांनी तिला ‘राक्षसी’ म्हटले. चित्रात तिच्या हातात फळ आहे आणि मुद्रा रुसलेली आहे. आज काही वैद्यकतज्ज्ञांना वाटते की या मुलीला प्राडर-विली सिंड्रोम हा विकार असावा. तसे असेल, तर जग ज्याला हसले तो एका बालिकेचा आजार होता.

या विकाराचे वर्णन प्राडर, लाबहार्ट व विली या स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी १९५६ साली केले. सुमारे १५,००० जन्मांमागे एका बालकास तो होतो. पंधराव्या गुणसूत्राच्या एका भागातील जी जनुके पित्याकडून कार्यरत यावयाची, ती या बालकांत नसतात किंवा निष्क्रिय असतात. आईच्या गरोदरपणातील खाण्यापिण्याशी वा आईबापांच्या आचरणाशी त्याचा संबंध नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला विचारलेला प्रश्न (योहान, अध्याय ९) आपल्या मंडळ्यांत आजही कुजबुजत विचारला जातो, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

आरंभी हे बाळ इतके शिथिल असते की त्याला अंगावर ओढता येत नाही. आई थेंबाथेंबाने दूध पाजते व ‘प्रभो, एवढे तरी पोटात जाऊ दे’ म्हणून रात्री जागविते. पुढे काही वर्षांत तेच मूल थांबता थांबत नाही. पोट भरल्याची जाणीव देणारे मेंदूतील हायपोथॅलॅमस हे केंद्रच नीट चालत नाही. त्यातच त्याच्या शरीराची अन्नाची गरज समवयस्कांहून कमी असते, म्हणून चारचौघांइतके खाऊनही वजन चढते. ज्या आईने बाळाने खावे म्हणून प्रार्थना केली, तिलाच त्याच्यापुढचे ताट उचलावे लागते.

हा खादाडपणा आहे काय? हा प्रश्न टाळू नये. थांबणे ज्याच्या हाती आहे, त्याने न थांबणे हा दोष होय. या मुलाच्या हाती ते नाही. तो डबा चोरील, कच्चे पीठ खाईल, खाल्ले नाही असे खोटेही सांगेल. मार, उपदेश वा लाजविणे यांनी ती भूक हटत नाही. उपयोगी पडते ती निश्चिती. जेवण केव्हा, काय आणि किती हे ठरलेले असावे, आणि त्यापलीकडे काही मिळण्याचा संभव नसावा. कदाचित मिळेल ही आशाच या मुलांना छळते. म्हणून स्वयंपाकघराला व फ्रिजला कुलूप लावणे ही शिक्षा समजू नये. गच्चीला कठडा असतो तसे ते आहे. ‘जेवलास का?’ हीच जिथे प्रेमाची पहिली विचारपूस, त्या आपल्या घरांत हे पचविणे कठीण जाते, हे मान्य.

दिल्लीत तर अधिकच. नोएडा किंवा गाझियाबादच्या एखाद्या सदनिकेतून खाली उतरावे, तो छोले-भटुऱ्यांची गाडी, जिलबीची कढई. नवरात्रात शेजारी पुरी-हलव्याला बोलावतात, गुरुद्वारातील लंगर सर्वांना खुला, दरवान मायेने बिस्किट पुढे करतो. या प्रत्येकाला विश्वासात घेऊन सांगावे लागते. आजी, मावशी, काका महाराष्ट्रात. इथे नातलग म्हणजे मंडळीच.

वर दिलेल्या अध्यायात पौलापुढे मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न होता, आजाराचा नव्हे. ओढूनताणून अर्थ काढू नये. पण त्याची रीत पाहा. दुर्बळ भावाने आधी सबळ व्हावे असे तो म्हणत नाही. भावासाठी तो स्वतःच्या ताटाकडे पाहतो. या घरातही तेच करावे लागते. सर्वांचे जेवण एकच, एकाच वेळी. मधल्या वेळी कोणी चिवड्याचा डबा उघडायचा नाही.

याची किंमत बहुधा भावंडे मोजतात, आणि त्यांच्याविषयी आपण फार थोडे बोलतो. आठ वर्षांच्या बहिणीचा वाढदिवस केकशिवाय होतो. तिचे दप्तर रोज तपासले जाते. मैत्रिणी घरी येत नाहीत. तिला राग आला तर तो पाप म्हणून दडपू नये. आईने किंवा वडिलांनी महिन्यातून एखादे वेळी तिला एकटीला बाहेर न्यावे, तिच्या आवडीचे खाऊ द्यावे, आणि तो वेळ केवळ तिचा असावा.

निदानासाठी रक्तातील डीएनएची मिथिलेशन चाचणी करतात. दिल्लीतील एम्स व मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय, तसेच मुंबईचे केईएम ही दुर्मिळ आजारांची मान्यताप्राप्त केंद्रे आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात या विकारासाठी वाढीच्या हार्मोनच्या उपचाराचा समावेश आहे. त्याने उंची व स्नायूंचे बळ सुधारते, पण भूक शमत नाही. भुकेवरील पहिले औषध अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मान्य झाले. पुढचे अपत्य असेच होण्याचा धोका बहुधा एक टक्क्याहून कमी असतो, परंतु क्वचित प्रकारांत तो बराच अधिक. म्हणून जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावाच. आणखी एक गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी : या मुलांना वेदना कमी जाणवते व उलटी सहसा होत नाही. पुष्कळ खाल्ल्यावर पोट फुगले, दुखले वा उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

मंडळीसाठी काम फार अवघड नाही. शब्बाथ शाळेत बक्षीस म्हणून टॉफीऐवजी चित्र द्यावे. उपासनेनंतरचे समोसे उघड्यावर ठेवू नयेत. नाताळात या घरी करंज्या पाठवावयाच्या, तर आधी आईला विचारावे. प्रीतिभोजनाच्या दिवशी मूल घरचा डबा घेऊन आले, तर कोणी ‘एक घास तरी’ म्हणू नये. आणि एखाद्या शनिवारी कोणी दोन तास त्याच्यापाशी बसले, तर आईबापांना दोघांनी मिळून फिरावयास जाता येईल.