विसार परत कर

तिरुवैयारू

चि. बाळ,

काल पापनाशमहून तुझी मावशी येऊन गेली. नदीकाठच्या शेताचा तू विसार घेतलास म्हणाली. त्या पैशांतून छोटीसाठी भारीतली कानयंत्रं घ्यायची आणि कॉक्लिअर इम्प्लांटच्या ऑपरेशनचं ती सात वर्षांची झाल्यावर बघायचं, असं तुझं ठरलंय म्हणे. ऐकल्यापासून अन्न गोड लागत नाही. शेताचं दुःख आहेच, पण त्या सात वर्षांची धास्ती जास्त आहे.

डोक्यात तार घातली की पोर खुळी होते, हे तुझ्या मनात कुणी भरवलं? तार मेंदूत जात नाही. कानामागच्या हाडातून ती आतल्या शंखात जाते आणि ऐकण्याच्या शिरेला थेट विजेचे संकेत देते. कानयंत्र नुसता आवाज मोठा करतं. छोटीच्या बेरा तपासणीत दोन्ही कानांत काही उरलं नाही असं निघालंय, मग मोठा केलेला आवाज आत पोचवणार कोण? यंत्र लावूच नकोस असं मी म्हणत नाही. ऑपरेशनच्या आधी काही महिने यंत्र लावून फरक पडतो का, हे डॉक्टर पाहतातच. त्याला साधं यंत्र पुरतं, केंद्राच्या एडिप योजनेतूनही मिळतं. त्यापायी शेत विकायचं?

छोटी आता अडीच वर्षांची. आपल्या तमिळनाडूच्या मुख्यमंत्री विमा योजनेत हे ऑपरेशन सहा वर्षांच्या आतल्या मुलांचंच होतं. सात म्हणजे दार बंद. बाहेर त्याच ऑपरेशनला पाच-सहा लाख आणि त्याच्याही वर लागतात. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १,२०,००० रुपयांच्या आत हवं. पूर्वी ही मर्यादा ७२,००० होती. तुझी भिक्षुकी आणि कुरुवै हंगामाचं भात धरून तू त्यात बसतोस. व्हीएओकडून, म्हणजे गावच्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडून, उत्पन्नाचा दाखला घे, रेशनकार्ड आणि आधार घे आणि तंजावरच्या कलेक्टर कचेरीत नाव घाल. या आठवड्यात.

सूनबाईच्या भावाने खाजगी पॉलिसी सुचवली आहे, तेही कळलं. विमा कचेरीत माझी उभी हयात गेली, म्हणून सांगते. आधीपासूनच्या आजाराला तिथे तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. तोवर छोटी साडेपाचची होईल. कानयंत्र बहुतेक पॉलिसींत बाहेरचं उपकरण म्हणून वगळलेलं असतं. आत बसवायच्या भागाचे पैसे दिले तरी कानावरच्या प्रोसेसरवरून वाद घालतात, आणि जन्मजात दोषाचं कलम वेगळंच. सही करायची झाली तर या सगळ्यांची उत्तरं आधी लेखी माग.

पैसा खरा लागतो तो नंतर. तारा तुटतात, बॅटऱ्या संपतात, काही वर्षांनी प्रोसेसर बदलावा लागतो, त्यालाही लाखांत मोजावे लागतात. शेत हवं ते तेव्हासाठी. विसार परत कर. समोरचा वर काही मागेल तर मी देईन.

रागाने लिहिते आहे, पण तुझ्या धाकट्या आत्याची आठवण होते रे. तीही छोटीसारखीच. उशिरा बोलेल, उशिरा बोलेल म्हणत घरातल्यांनी वाट पाहिली. शीर्काळीजवळ तिरुक्कोलक्काला ओसैनायकीच्या देवळात नेलं. बालसंत संबंधरांच्या सोन्याच्या टाळांना त्या देवीने नाद दिला, म्हणून आपल्या भागात अशी मुलं तिथे नेतात. अजूनही नेतात, तूही ने, माझी ना नाही. पण आम्ही नवसावरच थांबलो. मी कॉलेजात जायचे आणि ती पायरीवर बसून माझ्या ओठांकडे बघायची. तिला पाटीवर चार अक्षरं शिकवावीत एवढं माझ्या हातात होतं, ते केलं नाही. गेली तेव्हा तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

तू भित्रा नाहीस, मला ठाऊक आहे. भूल द्यायच्या नुसत्या विचाराने आईबापाच्या पोटात कालवतं. तुझे अप्पा असते तर तेही घाबरले असते. सूनबाईला सांग, ऑपरेशन झाल्या दिवशीच मूल ऐकू लागत नाही. जखम भरली की काही आठवड्यांनी आत बसवलेलं यंत्र चालू करतात आणि मग पुढची कितीतरी वर्षं रोज बोलणं शिकवावं लागतं. थेरपीला तंजावरला न्यावं लागेल, तुला पूजा सोडून जमणार नाही. मी नेईन, बसने. आणि घरात मराठी, बाहेर तमिळ, म्हणून तिचा गोंधळ होईल अशी शंका सूनबाई काढत होती. थेरपीवाल्या बाई म्हणतील त्या भाषेने सुरुवात करू. तमिळ म्हणाल्या तर मीही छोटीशी तमिळच बोलेन. आपली मराठी मागून शिकेल.

शुक्रवारी दाखल्यासाठी जाणार असलास तर गुरुवारीच कळव, मीही येते. पेन्शन आलंय, बसभाड्याचा विचार करू नकोस. छोटीला पापा.

तुझी आत्या