थॉमस लिंकनची जमीन

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे नाव तुमच्या कानावर आले असेल. ही हकीकत त्यांच्या बापाची. बापाचे नाव थॉमस. धंदा शेतीचा नि सुतारकीचा.

थॉमस १७७८ साली व्हर्जिनियात जन्मला. तो लहान असतानाच त्याचे वडील बायकामुलांना घेऊन डोंगरापलीकडे केंटकीत गेले. तिकडे दाट जंगल होते नि जमीन स्वस्त होती. पण ती ओस नव्हती, बरं का! मूळच्या रहिवाशांची ती शिकारीची रानं. गोरे लोक येऊन झाडे तोडू लागले, तेव्हा तंटे पेटले. दोन्हीकडची माणसे मेली.

१७८६ साली थॉमसचे वडील मुलांसह शेतात काम करत होते. झाडीतून गोळी आली. वडील पडले. मधला मुलगा मदत आणायला धावला. थोरला बंदूक आणायला खोपटात शिरला. आठ वर्षांचा थॉमस बापाच्या अंगापाशीच होता. मारेकरी त्याच्याजवळ येऊन पोचला. तेवढ्यात थोरल्याने नेम धरला नि त्याला पाडले.

वडिलांची जमीन पुष्कळ होती. पण तेव्हाचा कायदा असा, की बाप मृत्युपत्र न करता मेला तर जमीन सगळी थोरल्याची. आपल्याकडे भाऊ वाटणी मागतात. थॉमस काय मागणार? तो मजुरी करत वाढला. शाळा नाहीच. कशीबशी सही तेवढी शिकला.

पैसा जमवून १८०३ साली त्याने २३८ एकर जमीन घेतली. १८०६ साली नान्सी हँक्सशी लग्न केले. १८०७ साली मुलगी झाली. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी ओंडक्यांच्या एका खोलीच्या घरात अब्राहम जन्मला.

केंटकीत सरकारी मोजणी झालेली नव्हती. ज्याने त्याने आपली जमीन आपणच मोजून घ्यावी. हद्द कशी सांगत? अमक्या ओकच्या झाडापासून तमक्या ओढ्यापर्यंत. झाड पडले की हद्द गेली! एकाच जमिनीला दोन-दोन, तीन-तीन मालक निघत. १८१४ साली थॉमसने पहिली जमीन विकली. मोजणीतल्या चुकीपायी ३८ एकरांचे पैसे बुडाले. त्या खतावर त्याची सही आहे. नान्सीची नुसती खूण आहे. दुसऱ्या जमिनीचा दावा तो हरला. तिसऱ्या जमिनीवरही खटला आला. माणूस कष्टाळू होता, पण कागदापुढे कुऱ्हाड काय करणार?

१८१६ च्या डिसेंबरात तो नदीपलीकडे इंडियानात गेला. गुलामगिरी नको, हेही एक कारण होते. पण मुख्य कारण जमिनीचे कागद, असे अब्राहमने पुढे लिहून ठेवले आहे. इंडियानात सरकारने आधी जमीन मोजली, मग विकली. पुन्हा जंगल तोडणे आलेच. अब्राहम आठ वर्षांचाही नव्हता, तरी त्याच्या हाती कुऱ्हाड आली.

१८१८ साली तिथे दुधाचा आजार पसरला. रानातला एक पांढऱ्या फुलांचा पाला गुरे खात. त्याचे विष दुधातून माणसांत येई. तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हते. ५ ऑक्टोबरला नान्सी गेली. थॉमसने तिची शवपेटी स्वतः केली.

पुढल्या वर्षी त्याने सारा या विधवेशी लग्न केले. तिची तीन मुले होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण अब्राहम वाचत बसला तर ती त्याला उठवीत नसे. सावत्र आई अशीही असते.

१८२७ साली थॉमसला ८० एकरांचा पक्का सरकारी कागद मिळाला. पण तीनच वर्षांत तो इलिनॉयला गेला. म्हातारपणी पैशाची अडचण आली. तेव्हा १८४१ साली वकील झालेल्या अब्राहमने त्याची ४० एकर जमीन विकत घेतली नि लिहून दिले, की आईबापांनी ती जन्मभर वापरावी.

बापलेकांचे फारसे पटत नसे. १८५१ साली थॉमस वारला, तेव्हा अब्राहम मातीलाही गेला नाही. त्याच वर्षी सावत्र भाऊ ती ४० एकर विकायला निघाला. अब्राहमने त्याला पत्र लिहिले : ती जमीन आईसाठी आहे, विकायची नाही. सारा १८६९ पर्यंत जगली.