माधवनगरच्या स्मृती मानधना

सांगलीलगतच्या माधवनगरात वाढलेल्या ह्या क्रिकेटपटूचे चरित्र वर्गात सांगताना केवळ शतकांची मोजदाद करू नये. जन्म मुंबईचा, १८ जुलै १९९६. बालपण व शालेय शिक्षण मात्र माधवनगरचे. थोरल्या बंधूंचा खेळ पाहून त्यांनी बॅट हाती घेतली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील, तर अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात त्यांची निवड झाली. ‘अजून लहान आहे’ म्हणून मुलींना कडेला बसविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात व्यावसायिक स्पर्धेत खेळताना त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ज्याचा चरितार्थच शरीरावर, त्याला असे महिने फार जड जातात. सुमारे पाच महिन्यांनी, जूनमध्ये, त्या इंग्लंडमधील विश्वचषकात थेट उतरल्या: डर्बीस इंग्लंडविरुद्ध ९०, टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या शून्यावर बाद झाल्या व भारत ९ धावांनी हरला. हा भाग गाळू नये; मुले तोच अधिक लक्ष देऊन ऐकतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये महिलांच्या पहिल्या लीगच्या लिलावात बंगळूरच्या संघाने त्यांच्यासाठी ३ कोटी ४० लाख रुपये मोजले. हा आकडा सांगताच वर्ग हुरळून जाईल. तेव्हा फळ्यावर २०२३ च्या शेजारी त्यांच्या नवव्या वर्षाचे साल लिहून मधली वर्षे मुलांकडून मोजून घ्यावीत. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात त्यांच्या धावा होत्या ४५.