कंपनी जन्माला येते कशी? मॉरिशसच्या कायद्यावरून एक धडा



गेल्या गटसभेत बेणेमळ्याचा विषय संपला आणि मागं बसलेल्या एका सभासदांनी प्रश्न टाकला, "साहेब, आपला कारखाना सहकारी. पण मॉरिशसला आपलीच मराठी माणसं ऊस पिकवतात आणि तिथं कारखाने कंपनीचे. मग ही कंपनी काढतात तरी कशी, आणि तिच्यात शेतकऱ्याची जागा कुठली?" त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर या अंकात देत आहे.

प्रश्न नुसत्या माहितीचा नाही. हल्ली गावोगाव गुऱ्हाळ, रोपवाटिका, अवजार बँक अशा कामांसाठी "कंपनी काढू या, भाग घ्या" असं सांगत लोक फिरतात. काहींचं काम चोख असतं, काहींचं नसतं. माझ्याच नात्यातल्या एका शेतकऱ्यानं अशा होऊ घातलेल्या कंपनीसाठी वीस हजार रुपये दिले. साध्या कागदावर पावती मिळाली. दोन वर्षे गेली, कंपनीची नोंदणीच झालेली नाही. पैसे देताना मी तिथंच चहा पीत बसलो होतो आणि कागद बघायला मागितला नाही, ही चूक माझी. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

मॉरिशस कोठे व कसे

हिंदी महासागरातला हा देश सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. १८३४ पासून गिरमिटिया मजूर तिथं ऊसमळ्यांवर नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. १९९० साली तिथं पंधराच्या वर साखर कारखाने होते, एकत्रीकरण होत होत आज तीनच राहिले. हे कारखाने कंपन्यांचे आहेत. १९९४ साली शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट नावाची संस्था निघाली. नाव ट्रस्ट असलं तरी ती भागांची कंपनीच आहे. ऊस उत्पादक आणि साखर कामगार तिचे भागधारक झाले आणि तिच्यामार्फत गाळप कंपन्यांत त्यांना २० टक्के हिस्सा मिळाला. म्हणजे तिथल्या लहान शेतकऱ्यालाही कंपनीचा कायदा समजून घ्यावा लागला.

नोंदणीच्या पायऱ्या

तिथला कंपनी कायदा २००१ सालचा आहे. त्याप्रमाणे क्रम असा :

१) नाव. पोर्ट लुईस येथील कंपनी निबंधकाकडे आधी नाव मागावे लागते. दुसऱ्या कंपनीच्या नावाशी घोटाळा होईल असं नाव मिळत नाही. नाव राखून ठेवलं म्हणजे कंपनी झाली असं मात्र नव्हे. शेत नांगरलं म्हणजे लागण झाली, असं आपण म्हणतो का?

२) प्रकार. कंपनी खासगी की सार्वजनिक, हे ठरवावे लागते. खासगी कंपनीत ५० पर्यंतच भागधारक चालतात आणि तिला लोकांकडून जाहीरपणे भागाचे पैसे मागता येत नाहीत.

३) माणसे आणि जागा. निदान एक संचालक मॉरिशसमध्येच राहणारा हवा. नोंदणीकृत कचेरीही देशातच हवी, म्हणजे नोटीस कुठं बजवायची हा प्रश्न उरत नाही. प्रत्येक संचालकाची लेखी संमती लागते. भागधारकानेही आपण अमुक इतके भाग घेतो असे लिहून द्यावे लागते. कोणाचं नाव परस्पर घुसडता येत नाही.

४) नियमावली. आपल्या कारखान्याचे जसे पोटनियम, तशी कंपनीची नियमावली. मॉरिशसमध्ये ती सक्तीची नाही. नियमावली नसली तर कायद्यातले नियम आपोआप लागू होतात. असली तर भाग कोणाला विकता येतील, नवे भाग आधी कोणाला द्यायचे, हे तीत असू शकते. म्हणून भाग घेण्यापूर्वी ती वाचावी. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावी.

५) अर्ज व दाखला. हे सारे कागद व फी निबंधकाकडे दिल्यावर, कागद बरोबर असतील तर, नोंदणीचा दाखला मिळतो. दाखल्यावरच्या तारखेला कंपनी जन्मते. त्या दिवसापासून ती कायद्याच्या लेखी एक स्वतंत्र व्यक्ती. तिच्या नावाने जमीन घेता येते, कर्ज काढता येते, तिच्यावर दावाही लावता येतो.

६) पुढची कामे. धंद्याची नोंद, करखात्याची नोंद, भागधारकांचे रजिस्टर, दरवर्षी सभा आणि निबंधकाकडे वार्षिक विवरण. नोंदणीनंतर हे सोडून दिलं तर कंपनी खोडव्यासारखी दुर्लक्षित राहते आणि शेवटी मोडीत निघते.

मर्यादित जबाबदारी म्हणजे काय

कंपनी बुडाली तर भागधारकाची जबाबदारी भागाच्या रकमेपुरतीच. घर, बैल, जमीन यांना धक्का नाही. पण इथं एक खाच आहे. बँकेनं कर्ज देताना तुमची जातीनिशी जामीनकी घेतली असेल, तर ही मर्यादा तुमच्या उपयोगाची नाही. सही करताना आपण भागधारक म्हणून करतो की जामीन म्हणून, हे विचारूनच करावी.

लाभांशाबाबत तिथल्या कायद्यातला एक नियम मला फार आवडला. लाभांश देण्यापूर्वी संचालकांनी दोन गोष्टींची खात्री करायची. देणी वेळच्या वेळी भागतील ना? आणि मालमत्ता देण्यापेक्षा जास्त आहे ना? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच वाटप. उसनं काढून जेवणावळ घालू नये, हे आपल्या घरचंच शहाणपण आहे.

मताचे गणित

सहकारी संस्थेत आणि कंपनीत खरा फरक मताचा. आपल्याकडे १९६० च्या सहकार कायद्याने एक सभासद, एक मत. वीस गुंठेवाल्याचं आणि वीस एकरवाल्याचं मत सारखं. साधारण कंपनीत माणूस मोजत नाहीत, भाग मोजतात.

उदाहरण घ्या. कंपनीचे १,००० भाग आणि ५० भागधारक. दहा मोठ्यांकडे प्रत्येकी ६० म्हणजे ६०० भाग. चाळीस लहानांकडे प्रत्येकी १० म्हणजे ४०० भाग. सहकारी संस्थेत हे चाळीस विरुद्ध दहा झालं असतं. कंपनीत साधा ठराव दहा जण मंजूर करून घेतील.

मात्र नियमावली बदलण्यासारख्या मोठ्या गोष्टीला विशेष ठराव लागतो, त्याला ७५ टक्के मते हवीत. सगळे हजर असतील तर ७५० मते. दहांकडे ६०० च आहेत. म्हणून चाळीस जण एकजुटीने राहिले तर ते ठराव अडवू शकतात. आता त्यांतल्या पंधरा जणांनी नडीपायी आपले भाग त्या दहांना विकले. १५० भाग गेले, दहांकडे ७५० झाले. उरलेले पंचवीस जण सभेत हात वर करतील, पण काही अडवू शकणार नाहीत. भाग विकणाऱ्याला आपण फक्त दहा भाग विकले असं वाटतं. प्रत्यक्षात शेजाऱ्याची राखणही तो विकून गेलेला असतो. सभेला गैरहजर राहिलं तरी हाच परिणाम, कारण पडलेली मतेच मोजतात.

आपल्याकडे काय पाहावे

आपला कायदा वेगळा, पण तपासणी तीच. भारतात खासगी कंपनीला २०० पर्यंत सभासद चालतात आणि तिलाही जाहीरपणे भाग विकता येत नाहीत. शेतकऱ्यांसाठी उत्पादक कंपनीची वेगळी सोय आहे. दहा किंवा अधिक शेतकरी एकत्र येऊन ती काढू शकतात, आणि सगळे सभासद व्यक्ती असतील तर तीत एक सभासद, एक मत असते. तिच्या नावात "प्रोड्युसर कंपनी" हे शब्द असलेच पाहिजेत.

तेव्हा कोणी भाग घ्या म्हणून आलं तर चार गोष्टी मागाव्यात :

(अ) नोंदणीचा दाखला. त्यावरचा २१ अक्षर-अंकांचा क्रमांक उतरून घ्यावा आणि केंद्र सरकारच्या कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. नाव मंजूर झाल्याचा कागद म्हणजे दाखला नव्हे.
(आ) नियमावलीची प्रत.
(इ) संचालकांची नावे व कचेरीचा पत्ता.
(ई) पैसे चेकने किंवा बँकेतून, कंपनीच्याच खात्यावर. कोणा व्यक्तीच्या खात्यावर नव्हे, आणि रोख तर नाहीच.

कंपनी वाईट आणि सहकार तेवढा चांगला, असं माझं म्हणणं नाही. दोन्हीकडे चांगली आणि वाईट माणसं आहेत. आपण बेणं घेताना डोळा पाहतो, कांडी पाहतो, रोग पाहतो आणि मगच दर बोलतो. भागाचं तसंच करावं. माझ्या नातेवाइकाचे वीस हजार कदाचित परत येतीलही. पण त्या दिवशी "दाखला दाखवा" एवढे दोन शब्द मी बोललो असतो, तर ते गेलेच नसते.

ज्या सभासदांकडे असे कागद वा पावत्या आहेत, त्यांनी त्या घेऊन गट ऑफिसला यावे. सोमवारी व गुरुवारी सकाळी मी असतो. लाजण्याचं कारण नाही, आपण एकत्र बसून वाचू.

आपला,
ऊस विकास अधिकारी