पीजेच्या वाटेवर परिसर अभ्यास : अडीच फुटांच्या रुळांचा धडा

नांदगावच्या मुलांना रेल्वे नवीन नाही, पण रुळांची रुंदी वेगवेगळी असू शकते हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून आधी शाळेच्या मैदानावर खडूने दोन जोड्या आखायच्या: एक ५ फूट ६ इंचांची (१६७६ मिमी, ब्रॉडगेज) आणि एक २ फूट ६ इंचांची (७६२ मिमी, नॅरोगेज). इंचाचे मिलिमीटर मुलांनीच करावेत. गणिताचा तास तिथेच होतो.

नंतर पाचोरा. आपल्याच मेन लाइनवर, चाळीसगावच्या पुढे. इथून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला ५६ किलोमीटरची छोटी गाडी जायची. लोक तिला ‘पीजे’ म्हणतात. १९१८-१९ च्या सुमारास सुरू झालेली ही गाडी कोरोनाच्या काळात थांबली, ती पुन्हा धावलीच नाही. आता हा मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायला मंजुरी आहे. गावांच्या दृष्टीने हे चांगलंच, पण मोठा मार्ग आला की जुन्या खुणा जाणार. तेव्हा मोजायचं ते आत्ताच.

काय बघायचं? भरावाची रुंदी टेपने मोजा. मोऱ्या किती लहान, दगडी की विटांच्या, ते लिहून घ्या. वळण दिसलं की थांबा. अरुंद गाडी तीव्र वळणावरूनही जाते, त्यामुळे डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो. रूळ हलके, पूल छोटे, म्हणून खर्च कमी. हा मुद्दा पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, वळणावर उभं राहिलं की लगेच शिरतो.

मग मुलांना विचारा, एवढी स्वस्त गाडी मागे का पडली? उत्तर जंक्शनवर आहे. छोट्या डब्यातला माल मोठ्या डब्यात जाऊ शकतो, पण डबा जात नाही. प्रत्येक पोतं उतरवा, पुन्हा चढवा. वेळ गेला, हमाली गेली. तेवढ्यात ट्रक थेट दारात येऊ लागला.

आपल्या जिल्ह्यातही अरुंद रूळ होते बरं का! नाशिक शहर ते नाशिकरोड घोड्यांची ट्राम १८८९ च्या सुमारास आली आणि १९३० नंतर लवकरच बंद पडली. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कालथ्रॉप. पुढे बार्शी लाइट रेल्वे त्यांनीच उभारली.

पालकांसाठी दोन गोष्टी. रेल्वेच्या हद्दीत जायचं तर आधी परवानगी घ्या, आणि पाचोऱ्यात मेन लाइनच्या रुळांकडे एकाही मुलाला फिरकू देऊ नका, तिथे गाड्या भरधाव जातात. गवतात साप असतात, पायात बूट हवेतच.

शेंदुर्णी-पहूरकडे नातेवाईक असतील तर मुलांनी आजी-आजोबांना हे तीन प्रश्न विचारून वहीत लिहून आणावेत: पीजेने कुठे जायचात? सोबत काय न्यायचात? गाडी बंद झाल्यावर ते कसं न्यायला लागलात?