छोटू आणि बादल

घोडेस्वारीच्या पहिल्या तासाला उस्तादांनी माझ्या हाती छोटूचा लगाम दिला, तेव्हा मी हिरमुसलो. मित्राला बादलसारखा उंचापुरा घोडा आणि मला तट्टू! तट्टू म्हणजे घोड्याचे पिल्लू, अशीच माझी समजूत होती. ती चूक होती. पिल्लाला शिंगरू म्हणतात. तट्टू पूर्ण वाढले तरी बुटकेच राहते. घोड्याची उंची खांद्यापाशी 'हँड'मध्ये मोजतात. एक हँड म्हणजे 4 इंच. साधारणपणे 14 हँड 2 इंच, म्हणजे 58 इंचांपर्यंतच्या घोड्याला तट्टू किंवा पोनी म्हणतात.

तट्टाचे पाय आखूड, हाडे मजबूत आणि आयाळ दाट असते. मणिपुरी तट्टांवर पोलो खेळतात, स्पितीची तट्टे हिमालयात ओझी वाहतात, तर भीमथडीच्या तट्टांवरून मराठ्यांच्या फौजा दूरवर गेल्या. तट्टू हुशार आणि तितकेच हट्टी असते. आमचा छोटू तबेल्याची कडी ओठांनी उघडतो!

घोडा हा कळपात राहणारा प्राणी. तो उभ्यानेही डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते. सोबती पहाऱ्याला असला की तो निर्धास्त आडवा होतो. छोटू आणि बादल एकमेकांची मान दातांनी हलकेच खाजवतात. तो त्यांचा खरारा!

तट्टाचे थोड्या चाऱ्यावर भागते, हे मात्र मी विसरलो. लाडाने मी छोटूला चोरून चणे आणि गूळ चारत राहिलो. एके सकाळी तो पाऊल उचलेना. जास्त चंदीमुळे खुरांच्या आत सूज आली होती. त्याला उपचारासाठी वेगळे ठेवले. इकडे बादलने चारा सोडला. तो ठाणात येरझारा घालत खिंकाळत राहिला. माझ्या एका चुकीची शिक्षा दोघे भोगत होते. मी उस्तादांपुढे चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. त्यांनी बादलला छोटू दिसेल अशा जागी बांधायला सांगितले. त्याच संध्याकाळी बादलने गवताला तोंड लावले.

छोटू बरा व्हायला कित्येक आठवडे लागले. तोवर रोज पहाटे त्याचे खूर साफ करण्याचे काम मी मागून घेतले. आता बादल मिळाला नाही म्हणून मी हिरमुसत नाही. परेडला निघताना बादल बुजला, तर उस्ताद आधी मला हाक मारतात, "छोटूला पुढे घे!"