तळवे गार पडले तेव्हा

आमच्या घरात प्रवासाच्या औषधांची एक वेगळी पिशवी आहे. अंदमानला गेलो तेव्हा ती भरली, केरळला गेलो तेव्हा भरली, मलेशियाला जाताना तर दोनदा तपासून घेतली. डासांचं मलम, ओआरएसची पाकिटं, उलटीच्या गोळ्या, पट्ट्या, सगळं जागच्या जागी. फक्त रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी जाताना ती पिशवी कधी कपाटातून निघाली नाही. आपल्याच घरी जाताना औषधं कसली न्यायची, असं वाटायचं. २०१९ च्या मे महिन्यात त्याच घराच्या मागच्या पडवीत, चुलीपासून चार हातांवर, माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला विंचू चावला. त्या रात्री माझ्याकडून जे चुकलं ते आज सांगते आहे, कारण पुढच्या सुटीत कोकणात जाणाऱ्या प्रत्येक घरात तीच चूक होऊ शकते.

संध्याकाळचे साडेसात झाले होते. वीज गेली होती. बरक्या फणसाचा रस काढून सांदणांचं पीठ भिजवून ठेवलं होतं आणि वीस माणसांची सांदणं गॅसवर कुठे उकडत बसायची, म्हणून मागची चूल पेटवली होती. जाळ कमी पडला. मी भाच्याला म्हटलं, "जा रे, दोन सोडणं घेऊन ये." नारळाच्या सोडणांची रास पडवीच्या कोपऱ्यात, चिऱ्याच्या भिंतीला टेकून, मागच्या दिवाळीपासून पडलेली होती. तो अनवाणी गेला, अंधारात हात घातला आणि परत येऊन म्हणाला, "आत्या, सोडणात काटा होता."

मी मोबाइलच्या उजेडात बोट पाहिलं. उजव्या हाताची तर्जनी. रक्त नाही, सूज नाही, पेरावर एक लालसर ठिपका. मी फुंकर घातली. काकू मात्र आतून म्हणाल्या, "अगो, सोडणं उलटून बघ आधी." चिमट्याने सोडण उलटलं, तर विंचू निघाला. तांबूस पिवळट, माझ्या मधल्या बोटापेक्षाही लहान, पुढच्या नांग्या काडीसारख्या बारीक. तो बघून आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. काळी इंगळी नव्हती ना, मग झालं. एवढासा तर विंचू.

ही पहिली चूक. आपल्याकडे लहानपणापासून भीती घातली जाते ती मोठ्या काळ्या विंचवाची. तो दिसायला भयंकर असतो, चावला तर कळाही मारतात, पण जिवावर बेतणारा विंचू तो नव्हे. पुढच्या नांग्या बारीक आणि शेपटी जाड, असा तांबडा विंचू दिसला की सावध व्हायचं. कोकणात माणसं दगावली ती याच्यामुळे.

दुसरी चूक याहून मोठी. भाचा फारसा रडला नाही. बोट झोंबतंय म्हणाला, दोनदा मुसमुसला आणि गप्प बसला. विंचू चावला की माणूस गडाबडा लोळतो असं आम्ही ऐकलेलं. पोर शांत आहे म्हणजे विष फार गेलं नाही, असा हिशेब मी मनाशी मांडला. काकूंनी कांदा चोळला, कुणीतरी चिंचोका उगाळून लावला. वहिनी काळजीत होती. तिला मीच म्हटलं, "अगं, दुखत नाहीये त्याला, होईल बरं."

पंधरा-वीस मिनिटांनी त्याला उलटी झाली. दुपारी त्याने चार आंबे खाल्ले होते, म्हणून आंब्यांवर खापर फोडलं. मग घाम. पण मे महिना, वीज नाही, चूल पेटलेली, तिथे घाम कुणाला नव्हता? माझा परकर पायांना चिकटला होता. त्याच्या कपाळावरचा घाम मी पदराने टिपत राहिले, टिपला की पुन्हा येत होता. नेहमीच्या घामासारखे थेंब नव्हते, अंगावर तांब्याने पाणी ओतावं तसं डोकं भिजलं होतं, बनियन पिळून काढण्यासारखं झालं होतं.

मग मी त्याचा हात हातात घेतला आणि दचकले. त्या उकाड्यात हात गार होता. पाय पाहिले, तर तळवे माठाच्या बुडासारखे थंड आणि ओलसर. आम्हा सगळ्यांची अंगं तापलेली आणि त्याचे हातपाय गार. तरीही आम्ही निघालो नाही. वाडीतल्या एका वयस्कर गृहस्थांना विंचू उतरवता येतो, त्यांना बोलावणं गेलं होतं. त्यांची वाट बघण्यात पाऊण तास गेला.

ते आले, पोराच्या पायाला हात लावला आणि मंत्र न घालताच म्हणाले, "हा माझ्याकडचा नाही. पोर गार पडलंय. गाडीत घाला." त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मंत्राने विंचू उतरतो असं लोकांना वाटतं, त्याचं कारण साधं आहे: बहुतेक दंशांमध्ये नुसत्या कळा येतात आणि त्या काही तासांनी आपोआप ओसरतात. श्रेय मंत्राला जातं. ज्याच्या अंगात विष भिनलं त्याला मंत्राने उतार पडत नाही, आणि हे त्यांनी इतक्या वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

दादाने गाडी काढली. तालुक्याचं रुग्णालय बावीस किलोमीटर, सगळा नागमोडी रस्ता. पोहोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. म्हणजे विंचू चावल्यापासून सव्वादोन तास. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी दोन्ही तळपाय हातात धरले, मग नाडी, मग रक्तदाब, आणि विचारलं, "घाम किती वाजल्यापासून आहे?" मला नीट सांगता आलं नाही. "दुखतंय का?" हे मी पन्नासदा विचारलं होतं, घड्याळ एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी प्राझोसिनची गोळी वजनाच्या हिशेबाने तोंडातून दिली, सलाइन लावलं, शिरेतून विंचवाच्या विषावरची लस दिली आणि बजावलं, "उठवून बसवायचं नाही, उचलून कडेवर घ्यायचं नाही, झोपूनच राहू दे." दर तीन तासांनी पुन्हा गोळी. मध्यरात्री त्याला थोडा खोकला सुरू झाला, तेव्हा ऑक्सिजन लावला. वहिनी उशाशी आणि मी पायथ्याशी होते. रात्रभर मी त्याचे तळवे हातात धरून बसले. पहाटे पाचच्या सुमाराला बोटांच्या टोकांना ऊब आली. डॉक्टर येऊन पाय चाचपून गेले आणि म्हणाले, "आता उतार पडला." दोन रात्री ठेवून घेतलं, तिसऱ्या दिवशी घरी आणलं.

नंतर मी यावर जे मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं. तांबड्या विंचवाच्या विषाचा खरा धोका चावलेल्या जागी नसतो. ते शरीरातल्या नसांना चेतवतं आणि रक्तवाहिन्या आवळणारी द्रव्यं एकदम रक्तात उसळतात. म्हणून घाम, उलटी, लाळ, गार हातपाय. रक्तदाब चढतो, हृदयावर भार येतो आणि वेळेत आवरलं नाही तर फुप्फुसात पाणी साठतं. खोकला, धाप, गुलाबी फेस ही पुढची पायरी. माणूस जातो तो बोटाच्या कळांनी जात नाही, हृदय दमल्यामुळे जातो.

हे आज तालुक्याच्या डॉक्टरांना माहीत आहे, यामागे आपल्याच मातीतल्या एका माणसाची मेहनत आहे. जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. समोर विंचवाने माणसं, विशेषतः मुलं, मरत होती आणि पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांजवळ बसून लक्षणं टिपली. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं निरीक्षण छापून आलं. पुढे रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन विंचवाच्या रुग्णांना देऊन त्यांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात हे दाखवलं आणि १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पश्चिम महाराष्ट्रात विंचवाने गंभीर झालेल्या शंभर रुग्णांपैकी पूर्वी पंचवीस ते तीस दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्यांच्या बरोबरीने होत्या. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. माझा भाचा ज्या गोळीने वाचला ती गोळी काही रुपयांची आहे, आणि ती महाडच्या परिसरात सिद्ध झाली, हे मला प्रत्येक मराठी घराला सांगावंसं वाटतं.

तरीही ती गोळी घरात आणून ठेवू नका. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. मात्रा वजनावर ठरते, रुग्ण झोपलेला लागतो आणि रक्तदाब मोजणारं माणूस शेजारी लागतं. आपलं काम वेळ न दवडण्याचं.

विंचू चावला की घड्याळ पाहा आणि वेळ हातावर पेनने लिहा. बोटात अंगठी किंवा हातात बांगडी असेल तर काढा. जागा साध्या पाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवलं तर कळा कमी होतात. चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, करकचून बांधू नका. कांदा, चिंचोका, चुना यांत घालवलेली मिनिटं परत मिळत नाहीत. विंचू शोधत बसू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. बारा वर्षांखालचं मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा, आणि वाटेत दर पाच मिनिटांनी तळवे चाचपत राहा. नुसत्या कळा असलेला माणूस बहुधा सुखरूप घरी येतो. घाम, उलटी आणि गार हातपाय असलेला माणूस कितीही शांत दिसला, "दुखत नाही" म्हणाला, तरी त्याच्याकडे फार वेळ नाही.

अंधारात ‘काहीतरी टोचलं’ आणि काय ते दिसलं नाही, तर आणखी सावध. मण्यारीचा दंश बरेचदा दुखतही नाही, आणि कोकणात फुरसंही भरपूर. जे दिसलं नाही ते साप समजूनच रुग्णालय गाठायचं.

घराची घडी आम्ही त्यानंतर बदलली. सोडणांची आणि लाकडांची रास पडवीतून उठवून घरापासून लांब, जमिनीपासून वर, लोखंडी घोडीवर रचली. सरपण उचलायला जाड हातमोजे आणि चिमटा चुलीपाशीच टांगलेले असतात, आणि संध्याकाळनंतर मुलांना त्या कामाला कुणी पाठवत नाही. पडवीच्या चिऱ्यांमधल्या फटी बुजवल्या. कपडे खुंटीला टांगून ठेवत नाही, घालण्याआधी झटकतो. चपला आपटून मगच पाय घालतो. जमिनीवर झोपणाऱ्यांची अंथरुणं भिंतीपासून हातभर सरकवलेली असतात आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असते. एक अतिनील टॉर्च आणली. तिच्या जांभळ्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, हे मी ऐकलं होतं पण विश्वास नव्हता. पहिल्याच रात्री मागच्या गडग्यावर टॉर्च फिरवली आणि दहा पावलांत तीन दिसले. दिवसा त्याच गडग्यावर मी कितीदा टेकून उभी राहिले होते.

आता कोकणात घरोघरी पर्यटकांची सोय होते. चिऱ्याची गिलावा न केलेली खोली, अंगणातलं न्हाणीघर, झावळ्यांचा मांडव, हे सगळं शहरातून आलेल्याला हवंहवंसं वाटतं आणि ते आहेच तसं. मुलांना तिथे जरूर न्या. रात्री अनवाणी फिरू देऊ नका, एवढंच माझं सांगणं आहे. यजमानांनीही पाहुणा आला की नाश्त्याला घावन की आंबोळी हे विचारतानाच रुग्णालय कुठे आहे ते सांगून ठेवावं. त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला तालुक्याच्या रुग्णालयाचा नंबर आता रंगाने लिहिलेला आहे. दरवर्षी गावी निघायच्या आदल्या दिवशी मी तो लावते आणि दोन गोष्टी विचारते: प्राझोसिन आहे का, आणि विंचवाची लस आहे का. नाही म्हणाले, तर त्या दोन्ही कुठे आहेत ते विचारून घेते. या सुटीत तुम्ही जिथे जाणार असाल, तिथल्या रुग्णालयाला निघण्याआधी हे दोन प्रश्न विचारा.